पडद्याची अँजिओग्राफी

अण्णांनी साडीच्या दुकानासमोरच्या पुतळ्याला नमस्कार केला, ही बातमी घरात आणली साडेचार वर्षांच्या मीराने, आणि तीही दप्तर खांद्यावरून उतरवायच्या आधी.

"आई, आजोबा त्या बाहुलीला म्हणाले, काहून वहिनी, उन्हात उभ्या? आणि बाहुली काहीच बोलली नाही."

प्रतिमाचं लाटणं पोळीवरच थांबलं. अधारतालच्या मेन रोडवर ते साडीचं दुकान आहे, त्याच्या पायरीवर जांभळी साडी नेसवलेला पुतळा वर्षानुवर्षं उभा आहे, आणि शेजारच्या भानुमतीकाकूंकडेही अगदी तसलीच जांभळी साडी आहे, हे सगळं एकदम तिच्या डोळ्यांपुढे आलं. मागोमाग अण्णा आले. रामराम चुकलेल्या माणसासारखे नव्हे, चपला नीट जोडीने काढून ठेवणाऱ्या माणसासारखे.

"गंमत केली मी. पोरीला हसवायला."

"मग ती हसली काहून नाही?"

"तिला विनोद कळत नाही. रत्नाकरवर गेली आहे," असं म्हणून अण्णांनी विषय मुलाच्या अंगावर ढकलला. मुलगा रेल्वेत, आठवड्यातले चार दिवस कटनीला, त्यामुळे घरातल्या कुठल्याही आरोपाला तो नेहमीच गैरहजर असे.

प्रतिमा बी.एस्सी. झालेली, बॉटनी घेऊन. पान उलटं करून शिरा मोजायची सवय तिला तेव्हापासूनची. लग्नानंतर पानं मिळेनाशी झाली म्हणून ती माणसं न्याहाळू लागली, आणि मीरा झाल्यापासून तर हा उद्योग चोवीस तासांचा झाला होता. गेल्या महिनाभरात सासऱ्यांच्या खात्यात तिने मनातल्या मनात बऱ्याच नोंदी केल्या होत्या. चहा बशीच्या शेजारी ओतला. पेपर वाचताना डाव्या डोळ्यावर तळहात. आणि खिडकीची जाळी! त्या जाळीवाल्याला अण्णांनी महाराजपुराहून दोनदा बोलावून घेतलं होतं, गज वाकडे बसवलेत म्हणून. तो बिचारा म्हणे, "बाबूजी, सीधे तो हैं।" अण्णांनी स्वतःचा जुना ओळंबा काढून गजाशेजारी धरला. मग बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिले आणि म्हणाले, "आजकाल ओळंबेही चांगले मिळत नाहीत."

हसायला प्रतिमाही हसली होती. पण त्या दिवशी, पुतळ्याची बातमी आली तेव्हा, तिला पहिली आठवण झाली ती स्कूटरची. रोज सकाळी पावणेआठला अण्णा मीराला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत नेत. सासूबाई गेल्यानंतर आणि रिटायर झाल्यानंतर त्या माणसाला दिवसाला धरून ठेवणारी तेवढी एकच गोष्ट उरली होती. सकाळी सहापासून त्यांची तयारी चाले. मीराच्या बुटांना पॉलिश करताना ते गाणंसुद्धा म्हणत. आणि रस्त्यात ट्रक, म्हशी, ऑटो आणि सगळं जबलपूर.

दुपारी अण्णा झोपले तेव्हा प्रतिमाने स्कूटरची किल्ली खुंटीवरून काढली आणि भगरीच्या डब्यात खोल खुपसली. शुगरमुळे अण्णांचे उपास बंद झाल्यापासून त्या डब्याला कुणी हात लावला नव्हता. अण्णांनी किल्ली दोनदा विचारली. "दिसली नाही बाई," असं ती दोन्ही वेळा म्हणाली आणि दोन्ही वेळा तिचे कान गरम झाले. तिसऱ्यांदा अण्णांनी विचारलं नाही. मीरा मग रोज ऑटोने जाऊ लागली, प्रतिमाबरोबर, आणि अण्णा गेटपर्यंत येऊन दप्तराचा बंद उगीच सारखा करून परत फिरू लागले.

जबलपूरच्याच गोरखपूर भागात डोळ्यांची एक तरुण डॉक्टरीण बसत असे. तिथे अण्णांना न्यायला प्रतिमाला आठवडा लागला, आणि शेवटी नेलं ते "मला चष्म्याचा नंबर काढायचाय, सोबतीला चला" अशा थापेवर. तिथे गेल्यावर प्रतिमाने डॉक्टरणीला डोळ्यांनी खूण केली आणि नंबर अण्णांचा निघाला. डॉक्टरीण बराच वेळ आत डोकावत होती. मग म्हणाली, "बाबूजी, पर्दे पर सूजन लग रही है। शुगर कब से है?"

"थोड़ी-सी है," अण्णा म्हणाले. "बारा साल से।"

"पर्दे की एंजियोग्राफी करेंगे। नसों में खून कैसे चल रहा है, कहाँ से रिस रहा है, सब फोटो में आ जाएगा।"

परतताना ऑटोत अण्णा अगदी गप्प होते. गोरखपूर ते अधारताल हा काही गप्प बसून काढायचा रस्ता नाही. अण्णा एरवी त्यात तीन दुकानदार, दोन खड्डे आणि एका पुलाची झाडाझडती घेत. त्या दिवशी त्यांनी एकच वाक्य म्हटलं. "कॉलनीत बोलू नको."

बोलणार कोण होतं? पण फोन समोरच्या खोलीत, रत्नाकरचा कटनीहून फोन आला त्याच वेळी, आणि भानुमतीकाकू विरजण मागायला आल्या त्याही त्याच वेळी. प्रतिमा फोनमध्ये कुजबुजली, पण कटनीची लाईन कुजबुज पोचू देत नाही, म्हणून ती ओरडली, "अहो, अण्णांच्या पडद्याची अँजिओग्राफी! अँ-जि-ओ! हो, लवकर करा म्हणाल्या!"

फोन ठेवून ती वळली तेव्हा काकूंनी विरजणाची वाटी टीव्हीवर ठेवून छातीवर हात धरला होता.

"पडद्याला भोक पडलं का गं, माय? माझ्या वर्ध्याच्या भाचीलाही हृदयाच्या पडद्यालाच होतं. अच्छा, म्हणून भाऊजी परवा जिन्यात थांबून राहिले होते!"

"नाही हो काकू, पडदा म्हणजे..."

"हार्टचंच आहे, वहिनी," दारातून आवाज आला. अण्णा. शांत, गंभीर, एक हात चौकटीवर. "पण घाबरायचं काही नाही. आपण लढणार."

प्रतिमाचा जबडा खाली आला तो काकू विरजण विसरून निघून जाईपर्यंत वर गेला नाही. मग ती म्हणाली, "अण्णा! खोटं काहून बोललात?"

अण्णा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. "हार्ट हे इज्जतीचं दुखणं आहे, प्रतिमा. आमच्या मोठ्या साहेबांनाही होतं. लोक सफरचंदं घेऊन येतात. अन् डोळे? चौतीस वर्षं मी कारखान्याच्या इन्स्पेक्शनमध्ये काढली. बारीक केसाएवढी क्रॅक पकडायचो. लोक म्हणायचे, अंबादासरावांचा शिक्का म्हणजे शिक्का. आता म्हणतील, ह्याला तेव्हाही दिसत नसेल." आणि थोड्या वेळाने, स्टुलाच्या पायाकडे बघत, "अन् मग पोरीचा हात माझ्या हाती कोण देणार?"

प्रतिमाने भगरीच्या डब्याकडे पाहायचं कटाक्षाने टाळलं. तिने त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. आणि अशा रीतीने, बी.एस्सी. बॉटनी, एरवी सत्यवचनी, एका खोट्या हृदयरोगात सामील झाली.

हृदयरोगाची बातमी कॉलनीत दुपारपर्यंत पोचली आणि संध्याकाळपर्यंत तिला फांद्या फुटल्या. सफरचंदं खरोखर आली. पण सोबत सल्लेही आले, आणि हे अण्णांनी हिशेबात धरलं नव्हतं. अण्णांची रविवारची पोह्यांवरची तर्री बंद झाली. कारण तर्री देणाऱ्या ठेलेवाल्यालाच कुणीतरी सांगून ठेवलं होतं. गच्चीवर जाऊ नका. बादली उचलू नका. हसू नका, निदान मोठ्याने नको. क्वार्टर नंबर बारामधले निवृत्त फोरमन रोज येऊन अण्णांची नाडी धरत आणि प्रत्येक वेळी "चल रही है" असं जाहीर करत. अण्णांना स्वतःच्याच घरात पाण्याचा ग्लास उचलू देईनात. तिसऱ्या दिवशी ते प्रतिमाला म्हणाले, "हे दुखणं फार जड जाऊन राहिलं."

चौथ्या दिवशी नागपूरहून नर्मदा आत्या आल्या. या अण्णांच्या थोरल्या बहीण. नर्मदा आत्या राहतात नागपुरात, नर्मदा नदी वाहते जबलपुरात. दोघी एका गावात आल्या की पुराची शक्यता असते. आत्यांनी पिशवीतून लसणाच्या माळा, अर्जुनाची साल आणि एक तांब्याचं कडं काढलं आणि भावाला छातीशी धरून हंबरडा फोडला. "अंबादास, लहानपणी तुझी छाती कशी होती रे! आता पाह्य, पडदा फाटून राहिला!"

"आत्याबाई, बसा ना, चहा..." प्रतिमा म्हणाली.

"चहा काय घेऊ माय, पहिले त्याला लसूण दे. सोललेला. सात पाकळ्या."

अण्णांनी लसूण खाल्ला. प्रतिमाकडे पाहत, एकेक पाकळी. इज्जतीचं दुखणं.

इकडे खरी अडचण निराळीच होती. बाहेरच्या दवाखान्यात तपासणी करायची तर अण्णांच्या जुन्या कारखान्याच्या दवाखान्यातून परवानगीची चिठ्ठी लागे. ती देणारे बाबू खंपरियाजी. त्यांच्या टेबलावर काच, काचेखाली देवांचे फोटो, आणि देवांवर रजिस्टर. खंपरियाजींनी डॉक्टरणीचा कागद तीन वेळा वाचला, उलटा करून मागची कोरी बाजूही वाचली आणि म्हणाले, "बहनजी, एंजियोग्राफी तो दिल की होती है।"

"यह आँख की है।"

"आँख की जाँच होती है। एंजियोग्राफी दिल की होती है। रजिस्टर में भी यही है, देखिए।" त्यांनी खरोखर दाखवलं. अँजिओग्राफीच्या रकान्यापुढे 'हृदय' असं छापलेलं होतं. म्हणजे माणसाला डोळे असतात ही शक्यता छापखान्यानेच फेटाळली होती. "आप हार्टवाले डॉक्टर साहब के दस्तखत ले आइए।"

हार्टवाले डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी बसत. मंगळवारी बसले नाहीत. शुक्रवारी त्यांनी अण्णांना आडवं केलं, छातीला वायरी लावल्या, ईसीजीची लांब पट्टी काढली आणि म्हणाले, "दिल तो घोड़े जैसा है।" तसं लिहून दिलं, म्हणजे घोडा वगळून. प्रतिमा तो कागद घेऊन धावत खंपरियाजींकडे आली.

"दिल ठीक है?" ते म्हणाले.

"बिलकुल ठीक।"

"तो फिर एंजियोग्राफी किसलिए?"

प्रतिमाला त्या क्षणी रडू येणार होतं. पण शेजारच्या बाकावर अण्णा बसले होते, हात मांडीवर, समोरच्या भिंतीवरचा मोठ्या अक्षरांचा फलक वाचायचा प्रयत्न करत. ओठ हलत होते, आणि एका ठिकाणी येऊन थांबत होते. परत सुरुवातीपासून. परत त्याच ठिकाणी. प्रतिमाने पर्समधून पेन काढलं, कोरा कागद मागितला आणि शाळेत घटवून घेतलेल्या सगळ्या हिंदीची शपथ घेऊन अर्ज लिहिला: 'नेत्रपटल की रक्तवाहिनियों का छायाचित्रण कराने की अनुमति प्रदान करें।'

खंपरियाजींचा चेहरा उजळला. "छायाचित्रण! मतलब फोटो है? तो पहले बताना था न! फोटो में क्या झंझट?" शिक्का उचलला, मारला, आणि चिठ्ठी देता देता विचारलं, "कितनी कॉपी लगेगी? पासपोर्ट साइज़?"

ईसीजी चांगला आल्याचं कॉलनीला फारसं आवडलं नाही. "मशीन पुरानी होगी," असं फोरमनसाहेब म्हणाले आणि परत नाडी धरली. आत्या म्हणाल्या, "लसणाचा गुण आहे हो."

तपासणीच्या दिवशी मीरा आत्यांजवळ राहिली. तिची एकच शंका होती. डॉक्टरीणबाई डोळ्यांत थेंब घालून डोळ्यातली बाहुली मोठी करणार, असं आईने सांगितल्यापासून ती विचारत होती, "तीच बाहुली का, साडीवाली?"

मशीनच्या खोलीत अंधार होता. फोटो काढणाऱ्या दीदींनी अण्णांना स्टुलावर बसवलं. "बाबूजी, ठुड्डी यहाँ, माथा पट्टी से सटाकर। पलक कम झपकाइए। और बोलिए मत।" शेवटची सूचना अण्णांना सरकारी कागदासारखी वाटली, म्हणजे वाचून बाजूला ठेवायची.

"कैमरा कहाँ का है? लेन्स साफ़ कब की? यह सुई में क्या है, पीला-पीला?"

"डाई है, बाबूजी। फ्लोरेसिन। हाथ की नस में देंगे, दस-बारह सेकंड में आँख के पर्दे तक पहुँच जाएगी। नीली लाइट में चमकेगी। थोड़ा जी मिचलाएगा, घबराना नहीं। एक-दो दिन चमड़ी पीली दिखेगी, पेशाब भी।"

अण्णांनी हनुवटी पट्टीवरून उचलली. प्रतिमाला वाटलं, झालं, आता हे उठणार. पण त्यांचा आवाज वेगळाच आला, हळू.

"नीली लाइट में चमकेगी? और जहाँ क्रॅक होगी, वहाँ से बाहर निकलेगी?"

"हाँ, ऐसा ही समझिए।"

"प्रतिमा," अण्णा मराठीत म्हणाले, "हे आमचंच काम आहे. क्रॅक डिटेक्शन. पीसला चमकता रंग लावायचा, अंधाऱ्या खोलीत न्यायचा, वरून काळा दिवा धरायचा. डोळ्याला न दिसणारी क्रॅक हिरवी चमकते. चौतीस वर्षं! आता पीस मी आहे." आणि त्यांनी स्वतःहून हनुवटी पट्टीवर ठेवली, कपाळ टेकवलं, आणि जो गप्प बसला तो माणूस प्रतिमाने सात वर्षांच्या संसारात पाहिला नव्हता.

सुई गेली. प्रतिमा मनात आकडे मोजत होती. झगझग प्रकाश पडत होता, एकामागून एक. पडद्यावर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर (या गोष्टीत पडदे फार झाले), आधी नुसता काळोख होता. अकराव्या आकड्याला त्या काळोखात एक पांढरी रेघ उगवली, तिला फाटे फुटले, फाट्यांना फाटे. प्रतिमा पुढे सरकली. हे तर पान! उजेडात धरलेलं पिंपळाचं पान, मधल्या देठातून निघून कडेपर्यंत गेलेल्या शिरा, आणि त्या शिरांतून या क्षणी, तिच्यादेखत, तिच्या सासऱ्याचं रक्त चालत होतं. मग पानावर इथे-तिथे ठिपके दिसू लागले. एक ठिपका टीपकागदावरच्या शाईसारखा हळूहळू पसरला.

अण्णांना मधेच मळमळलं; त्यांनी दीर्घ श्वास घेतला, पण हनुवटी हलवली नाही. काम संपलं तेव्हा डॉक्टरीण येऊन फोटो दाखवू लागली. अण्णांना जवळचं काही दिसत नव्हतं, बाहुल्या मोठ्या झालेल्या; म्हणून ते मागे सरकत सरकत भिंतीला लागले आणि तिथून उजवा डोळा बारीक करून पाहू लागले.

"लीकेज है," ते म्हणाले. "यहाँ, और यहाँ। सेंटर के पास। सेंटर में नहीं।"

डॉक्टरीण त्यांच्याकडे पाहतच राहिली. "बिलकुल सही। आप डॉक्टर हैं?"

"इन्स्पेक्टर," अण्णा म्हणाले. मग घसा खाकरून, प्रतिमाकडे न बघता, "तो... पीस रिजेक्ट?"

खोलीत कुणाला काही कळलं नाही. प्रतिमाला कळलं. तिने हिंदीत विचारलं, "पूछ रहे हैं, आँख गई तो नहीं?"

"अरे, नहीं! अभी तो टाइम पर आए हैं। लेज़र से ये रिसनेवाली जगहें बंद करेंगे। जितनी रोशनी है, उसे बचाना है। सूजन उतरेगी तो थोड़ा फ़र्क भी पड़ सकता है। बस, शुगर संभालिए। और स्कूटर फ़िलहाल नहीं। पैदल जितना चाहें।"

"रीवर्क," अण्णा हळूच म्हणाले. "रिजेक्ट नाही. रीवर्क."

ही गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण अधारतालच्या गेटवर ऑटो थांबला तेव्हा तिथे भानुमतीकाकू, नर्मदा आत्या आणि नाडीवाले फोरमन असे तिघं उभे होते, आणि ऑटोतून उतरले ते काळा गॉगल घातलेले, हळदीने माखल्यासारखे पिवळेधमक अण्णा.

"अगं बाई! पीलिया!" काकू किंचाळल्या.

"हृदयातून लिव्हरात उतरलं वो!" आत्या ओरडल्या.

पुढची वीस मिनिटं प्रतिमाला नंतर नीट आठवेनात. "ही डाई आहे, उद्या जाईल," असं ती निदान अकरा वेळा म्हणाली. पण रोगापुढे सुनेचं कोण ऐकतं? मुळ्याचा पाला आला. काकूंनी महाराजपुरातल्या कावीळ उतरवणाऱ्या बाबाला निरोपही पाठवला; तो चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतो आणि पाणी पिवळं करून दाखवतो. अण्णांच्या हातांनी त्या दिवशी त्याचं भलं नाव झालं असतं. आणि फोरमनसाहेब स्वतः जाऊन उसाच्या रसाचा मोठा ग्लास घेऊन आले.

"पी लीजिए भाईसाहब, पीलिया की रामबाण दवा।"

"त्यांना शुगर आहे!" प्रतिमा ग्लास आणि अण्णांच्या मध्ये उभी राहिली.

"पिलियात शुगर चालते, बाळे. हो बाजूला," आत्या म्हणाल्या. चार हातांनी ग्लास पुढे सरकला. प्रतिमाने तो धरला, रस तिच्या हातावर, ओढणीवर सांडला, मीरा रडू लागली. आणि तेव्हा ओट्याच्या पायरीवरून आवाज आला.

"थांबा."

अण्णांनी गॉगल काढला. बाहुल्या अजून एवढ्या मोठ्या की डोळे काळे दिसत होते, आणि ऊन लागून पाणी वाहत होतं.

"हार्ट नाही. लिव्हर नाही. पडदा डोळ्याचा आहे. मी खोटं बोललो. डाव्या डोळ्याने मला मधलं दिसत नाही. गज वाकडे दिसतात. ओळंबा वाकडा दिसतो." ते काकूंकडे वळले. "वहिनी, त्या दिवशी साडीच्या दुकानापुढं मी पुतळ्याला नमस्कार केला. तुम्ही आहात असं समजून."

फोरमनसाहेबांनी नाडीकडे नेलेला हात मागे घेतला. भानुमतीकाकूंनी पदर सारखा केला. प्रतिमाला वाटलं, आता या महिनाभर बोलणार नाहीत.

"कुठला पुतळा? जांभळ्या साडीवाला?"

"तोच."

"भाऊजी," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा हळूहळू फुलत गेला, "तो पुतळा तर केवढा बारीक आहे!"

आधी हसल्या आत्या. मग फोरमन, मग मीरा, आणि सगळ्यात शेवटी, डोळे पुसत, अण्णा. हसणं ओसरल्यावर काकू जवळ येऊन प्रतिमाला हळूच म्हणाल्या, "त्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता दे. सुईत दोरा ओवताना मला दोन-दोन सुया दिसून राहिल्या. मी म्हटलं, सांगू कुणाला?" पुढच्या आठवड्यात गोरखपूरला दोन ऑटो गेले. दुसऱ्यात फोरमनसाहेब होते. नाडी स्वतःची धरून.

लेझर तीन वेळा झालं. लसूण बंद झाला, शुगर वहीत लिहिली जाऊ लागली, आणि ती वही इन्स्पेक्शनच्या जुन्या पद्धतीने लाल पेनाने तपासली जाऊ लागली. तीन महिन्यांनी एका सकाळी अण्णा जाळीसमोर उभे राहिले, उजवा डोळा झाकून बराच वेळ बघत होते. "बरेच सरळ बसवलेत रे त्याने," एवढंच म्हणाले. आणि मग, बूट पुसत, कुणाला उद्देशून नाही असं, "शाळा पायी वीस मिनिटं आहे."

प्रतिमाने मीराचा हात त्यांच्या हातात दिला. दिला खरा, पण ते कोपऱ्यावर वळताच ती पायांत चपला सरकवून मागोमाग निघाली. डॉक्टरीण म्हणाली आहे म्हणून काय झालं, आई आहे ती. खांबाआड, भाजीच्या हातगाडीआड, एका गायीआड. गाय निघून गेली तेव्हा उसाच्या रसाच्या गाडीआड. अण्णा फूटपाथच्या आतल्या बाजूने चालत होते, मीराला भिंतीकडे धरून. रस्ता ओलांडताना थांबले, दोन्हीकडे पूर्ण मान वळवून पाहिलं, परत पाहिलं. साडीच्या दुकानापुढे आले आणि उभे राहिले. प्रतिमा गाडीआडून पुढे वाकली.

"आजोबा, ही बाहुली आहे हं," मीरा म्हणाली.

"ठाऊक आहे. तिच्या पायाशी पाटी आहे, वाचू? कृ-प-या हाथ न ल-गा-एँ." मग अण्णा पुतळ्यामागच्या दुकानाच्या मोठ्या काचेकडे पाहत राहिले, आणि मागे न वळता, इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये घुमायचा त्या आवाजात म्हणाले, "अन् मीरा, ते रसाच्या गाडीआड हिरव्या ओढणीत कोण लपून राहिलं, त्यांना सांग, तपासणी झाली असेल तर शिक्का मारा अन् घरी जा. दूध गॅसवर ठेवून आल्या असतील."

प्रतिमाने ओढणीकडे पाहिलं. हिरवी होती. रसवाला हसत होता. आणि दूध, दूध खरंच गॅसवर होतं.

ती धावत घरी आली तेव्हा ते उतू जाऊन ओट्यावर पसरलं होतं. पुसता पुसता तिला हसू येत होतं आणि नाकही गळत होतं. मग तिने ठरवलं, आता हे एक तरी खोटं संपवायचं. स्कूटर चालवोत न चालवोत, किल्ली त्यांची आहे, खुंटीवर असावी. तिने भगरीचा डबा उघडला, हात कोपरापर्यंत आत घातला.

किल्लीला दोरा बांधलेला होता. दोऱ्याला पुठ्ठ्याचा एक तुकडा, कारखान्यात पीसला लावतात तसा. त्यावर लाल पेनाने, तिरक्या, ओळीवरून घसरणाऱ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'होल्ड. पुढील तपासणीपर्यंत वापरू नये.' खाली अण्णांची सही. आणि तारीख, पुतळ्याला नमस्कार झाला त्याच्या दुसऱ्या दिवसाची.